‘झीज’ म्हणून सोडून देऊ नये अशी सूज

माझे सासरे आकुर्डीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे प्रेस शॉपमध्ये होते. पायाने पेडल दाबायचे, वाकून पत्रा सरकवायचा, पुन्हा पेडल दाबायचे. आठ तासांची पाळी अशी उभ्यानेच जाई. निवृत्तीनंतर त्यांचे गुडघे दुखू लागले तेव्हा घरात कोणालाही आश्चर्य वाटले नाही. निगडी प्राधिकरणातील आमचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. जिना उतरताना ते कठडा धरून क्षणभर थांबत आणि ‘मशीन जुनं झालं’ म्हणून हसत.

२०२४च्या पावसाळ्यात मात्र एका पहाटे त्यांचा उजवा गुडघा नारळाएवढा फुगलेला आढळला. कातडी लालसर आणि गरम झाली होती. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नव्हता. वय ७२. जवळच्या दवाखान्यात क्ष-किरण फोटो काढला. सांध्यातील फट अरुंद झालेली आणि हाडांच्या कडांना टोके वाढलेली त्यात स्पष्ट दिसत होती. ‘झीज आहे, वयाप्रमाणे होते’ एवढे सांगून वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या गेल्या. गोळ्या संपल्या की औषधाच्या दुकानातून तीच पट्टी आम्ही पुन्हा पुन्हा आणत राहिलो. पुढे कोणीतरी आठवडे बाजारातल्या एका माणसाची पुडी सुचवली. तिने दोन दिवसांत चमत्कार झाला. सूज उतरली, मामंजी जिना चढू लागले. तीन महिन्यांनी त्यांचा चेहरा गोल दिसू लागला, पूर्वी कधी नसलेली साखर रक्तात आढळली, आणि पुडी संपली त्याच आठवड्यात गुडघा पहिल्याहून अधिक सुजला.

शेवटी ज्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे आम्ही गेलो त्यांनी फोटो पाहून बाजूला ठेवला, दोन्ही गुडघे हाताने चाचपले, आणि सुईने सांध्यातील पाणी काढले. सिरिंजमध्ये आलेला द्रव गढूळ पिवळा होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात सुईसारखे अणकुचीदार स्फटिक सापडले. ते यूरिक ॲसिडच्या क्षाराचे होते. आजाराचे नाव गाउट. आयुर्वेदात ज्याला वातरक्त म्हणतात त्याच्या जवळचा हा विकार. गुडघ्यात झीज होती हे खरेच. पण त्या पहाटेची सूज झिजेची नव्हती.

हा अनुभव सविस्तर सांगण्याचे कारण असे की, साठी ओलांडलेल्या माणसाच्या गुडघ्याचा फोटो काढला तर त्यात थोडीफार झीज बहुधा दिसतेच. त्यामुळे फोटोत झीज सापडली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे मानणे फार सोपे जाते. एमआरआयची गोष्टही अशीच आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या सर्वसामान्य नागरिकांचे गुडघे एमआरआयने तपासण्यात आले आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सांध्यातील गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली आढळलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिनाभर गुडघ्याचे कोणतेही दुखणे नव्हते. वयाबरोबर गादी विरते, जशी केसांना पांढरी छटा येते. अहवालातील ‘टिअर’ हा शब्द वाचून घाबरून शस्त्रक्रियेची तारीख घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मग सूज कशाची, हे ओळखायचे कसे? निम्मे उत्तर रुग्णाच्या हकिकतीत असते आणि ती हकिकत बहुधा घरच्या माणसालाच नीट ठाऊक असते. सूज एका रात्रीत आली की महिन्यांच्या अंतराने? एकच गुडघा की दोन्ही? सकाळी उठल्यावर सांधा आखडतो तो किती वेळ? झिजेच्या गुडघ्यात हा ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत सैल होतो, चालून दुखणे वाढते आणि बसल्यावर शमते. आमवातात, ज्याला डॉक्टर रूमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून अधिक टिकतो, हातांची बोटे व मनगटेही सुजतात, आणि हालचाल केल्यावर उलट थोडे बरे वाटते. आमवाताची औषधे वेगळी असतात आणि ती लवकर सुरू झाली तर सांध्याची हानी पुष्कळ टळते. आमवाताच्या रुग्णाची दोन वर्षे ‘वयाचे दुखणे’ म्हणून वाया जाणे ही त्यामुळेच मोठी हळहळ लावणारी गोष्ट आहे.

त्यानंतर हाताची तपासणी. सांध्यात पाणी साचले असेल तर गुडघ्याची वाटी बोटाने दाबताच ती तरंगत खाली जाऊन हाडावर टेकल्यासारखी जाणवते. वाटीच्या वर, कातडीखालीच मऊ फुगवटा असेल तर तो सांध्याबाहेरच्या लहानशा पिशवीचा असू शकतो. फरशी पुसताना किंवा पूजेला बसताना गुडघे टेकणाऱ्यांना तो होतो. गुडघ्याच्या मागे, लवणीत, गाठ असेल तर ती सांध्यातील पाणीच मागे ढकलले गेल्याने झालेली असते. ती फुटली की पोटरी एकाएकी सुजते आणि दुखते. शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी अगदी तसेच दिसते. तेव्हा एकाच पायाची पोटरी अचानक सुजली तर तेल लावून चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन्ही पाय घोट्यांपासून वर सुजत असतील तर प्रश्न बहुधा गुडघ्याचा नसतोच. हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाची एखादी गोळी तिथे तपासावी लागते. ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात हे अनेकांना माहीत नसते. चांगले डॉक्टर खुबाही हलवून पाहतात. खुब्याचा आजार कित्येकदा गुडघ्यात दुखतो आणि रुग्ण भलत्याच जागी मलम चोळत राहतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारलीच पाहिजे: मागच्या काही महिन्यांत ताप येऊन गेला का? २०२४च्या पावसाळ्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात चिकुनगुनिया पसरला होता आणि आमच्याही घरी पहिला संशय त्याचाच होता. हा आजार महाराष्ट्राला नवा नाही. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे त्याची मोठी साथ आली होती, नंतर बरीच वर्षे तो जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये परतला. ताप चार-पाच दिवसांत जातो, पण सांधे महिनोन्‌महिने दुखतात, आणि ज्या सांध्यात आधीच झीज आहे तो अधिक दुखतो. अशा रुग्णाला ‘सांधा बदला’ हा सल्ला घाईचा ठरतो. क्षयरोगही विसरू नये. एका गुडघ्याची सूज महिनोन्‌महिने हळूहळू वाढते, मांडी बारीक होत जाते, संध्याकाळी कणकण वाटते, वजन उतरते. अशा गुडघ्याची तपासणी त्या दृष्टीने झालीच पाहिजे.

एक प्रकार मात्र असा आहे की, तिथे उद्याची वाट पाहू नये. गुडघा एकाएकी सुजला, तापला, ताप किंवा हुडहुडी आहे, पाय जराही वाकवता येत नाही, तर सांध्यात पू झाला आहे असे धरून चालावे लागते. मधुमेही, डायलिसिसवर असलेले, स्टेरॉइड घेणारे, आणि नुकतेच गुडघ्यात इंजेक्शन घेतलेले किंवा कृत्रिम सांधा बसवलेले लोक यांना हा धोका अधिक. वृद्धांत ताप नसतानाही असे होऊ शकते. जंतू काही दिवसांतच कूर्चा खाऊन टाकतात. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. त्यापूर्वीच्या पिढ्यांत असा सांधा कायमचा आखडून जाणे किंवा जीवच जाणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हती. आज औषधे आहेत, पण ती सुरू करण्याआधी सांध्यातील पाणी तपासणीसाठी काढावे लागते. घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या देऊन रुग्णालयात गेल्यास जंतू ओळखणेच कठीण होते. पडल्यानंतर लगेच फुगलेला गुडघा, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना, हाही त्याच दिवशी दाखवण्याचा विषय आहे. आत रक्तस्राव किंवा हाडाला तडा असू शकतो.

पाणी काढण्याची अनेकांना भीती वाटते. ‘एकदा काढले की पुन्हा पुन्हा भरते’ असे आमच्या शेजारणीनेही सांगितले होते. पाणी पुन्हा भरते ते मूळ आजार चालू असतो म्हणून, सुईमुळे नव्हे. जंतुविरहित रीतीने काढलेले ते थोडेसे पाणी पेशी, स्फटिक आणि जंतू या तिन्हींची खबर देते, शिवाय ताण कमी झाल्याने वेदनाही उतरते. मामंजींच्या बाबतीत रक्तातील यूरिक ॲसिड पहिल्या झटक्याच्या वेळी सामान्य आले होते आणि म्हणून गाउटची शक्यता सोडून दिली गेली होती. प्रत्यक्षात झटका चालू असताना ते सामान्य येऊ शकते. उलट, केवळ रक्तात यूरिक ॲसिड वाढलेले आहे म्हणून प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला गाउट म्हणणेही चूकच.

त्यांची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी होती. अशा गोळ्यांनी यूरिक ॲसिड वाढते. डॉक्टरांनी ती बदलली. पण अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट रक्ताच्या दुसऱ्या अहवालात होती: क्रिएटिनिन १.९. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा तो हिशेब होता. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात, जठरात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात. रक्तदाबाची काही औषधे आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला त्या आल्या की मूत्रपिंडावर तिहेरी मारा होतो. वृद्धांनी त्या घ्यायच्याच झाल्या तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, थोडे दिवस, आणि मूत्रपिंडाची तपासणी करून. गुडघा कातडीच्या जवळचा सांधा असल्याने डायक्लोफिनॅकचे मलम तिथे बऱ्यापैकी काम करते आणि रक्तात फार थोडे उतरते. पोटातील गोळीआधी ते वापरून पाहणे शहाणपणाचे.

पुडीत काय होते हे आम्हाला कोणी लिहून दिलेले नाही. तथापि गोल झालेला चेहरा, चढलेली साखर आणि बंद करताच उसळलेली सूज ही स्टेरॉइडची खूण असल्याचे डॉक्टर म्हणाले. नाव नसलेल्या चूर्णांत आणि गोळ्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार आपल्याकडे वारंवार उघडकीस आले आहेत. आपल्या घरात कोणी असे औषध बराच काळ घेत असेल तर ते रागाने कचऱ्यात फेकू नका. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, आणि ते एकाएकी तोडल्यास रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. मामंजींना मोजून-मापून स्टेरॉइड देऊन ते दोन महिन्यांत उतरवत आणले. गाउटसाठी ॲलोप्युरिनॉल अगदी लहान मात्रेने सुरू झाले. यूरिक ॲसिड ६ च्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट.

गाउट आटोक्यात आला तरी झीज राहिलीच, आणि बहुतेक वाचकांचा प्रश्न तीच असणार. तिच्यावर सर्वांत भरवशाचा उपाय सर्वांत कमी विकला जातो, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही: मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणे. दुखते म्हणून माणूस बसून राहतो, स्नायू विरतात, सांध्यावरचा धक्का वाढतो आणि आणखी दुखते. फिजिओथेरपिस्टने मामंजींना शिकवलेले व्यायाम साधे होते. उताणे झोपून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबून पाच अंक मोजायचे, सोडायचे. सरळ पाय वीतभर उचलून धरायचा. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि सावकाश बसायचे. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून दोनदा. पहिले तीन आठवडे काहीच फरक पडला नाही आणि त्यांनी चिडून सोडूनही दिले होते; सहाव्या आठवड्यापासून जिना सोपा झाला. तीव्र सूज असताना मात्र हे व्यायाम थांबवून विश्रांती आणि कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे, एवढेच. गरम, लाल गुडघ्यावर शेक किंवा मालिश नको.

वजनाचा हिशेबही सांगण्याजोगा आहे. शरीराचे वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे मापनांत दिसून आले आहे. पाच किलो वजन उतरवलेल्या आजीने दिवसभरात किती भार वाचवला याचा गुणाकार आपणच करावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते; दहापैकी सात जण उलट धरताना मला दिसतात. घरात उंच कमोड किंवा कमोडची खुर्ची, न्हाणीघरात धरायला दांडा, पाट-चौरंगाऐवजी टेबल. भारतीय शौचकूपावर उकिडवे बसताना गुडघ्यावर येणारा ताण चालण्याच्या कितीतरी पट असतो. हे कारखान्यातील पुरुषांनाच लागू नाही. चाकण परिसरातील शेतांत कांद्याची लागण करताना दिवसचे दिवस उकिडव्या बसलेल्या बायकांचे गुडघे तितकेच झिजलेले असतात; त्यांची तक्रार घरात उशिरा ऐकली जाते, एवढाच फरक.

इंजेक्शनांविषयी थोडक्यात. सांध्यात दिलेले स्टेरॉइड काही आठवडे चांगला आराम देते. सणाला किंवा लग्नकार्याआधी एखादे घेण्यास हरकत नाही. दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते देत राहिलेल्या रुग्णांत मात्र वेदना बनावट इंजेक्शनाइतकीच राहिली आणि कूर्चा अधिक झिजली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत आढळले. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीची जाहिरात हल्ली जोरात आहे. ऑस्ट्रेलियातील २८८ रुग्णांच्या २०२१च्या चाचणीत वर्षअखेर ते मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरले नाही. दुर्बिणीने झिजलेला सांधा ‘धुऊन’ घेण्याचा प्रकार तर २००२ मध्येच उघडा पडला: ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर केलेल्या प्रयोगात केवळ कातडीला छेद दिलेल्यांनाही तेवढाच आराम वाटला. या सगळ्यावर खर्च केलेल्या पैशांत वर्षभराचा फिजिओथेरपिस्ट सहज मिळाला असता, असे मला वाटते.

आणि तरीही सांधा बदलण्याची वेळ येतेच. रात्री वेदनेने झोप मोडते, दोनशे पावलेही चालवत नाही, पाय वाकडा होत चालला आहे आणि सहा महिने व्यायाम मनापासून करूनही फरक नाही, तेव्हा ती आली असे समजावे. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया घराघरांत माहीत झाली ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर २००० मध्ये डावा आणि जून २००१ मध्ये उजवा, असे त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी तर मांडी घालून बसणाऱ्या भारतीयांचा विचार करून ‘इंडस’ हा स्वदेशी सांधा घडवला. कृत्रिम सांधे आता दीर्घकाळ टिकतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे चालतात. शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात, दात, लघवी आणि पायांच्या बोटांमधल्या चिखल्या निर्जंतुक, हे पाहणे घरच्यांचे काम. नंतरचे सहा आठवडे व्यायामात कुचराई झाली तर उत्तम बसवलेला सांधाही आखडतो.

खर्चाचे बोलायचे तर, राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत, कर वगळून, ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी ती दीड लाखाच्या पुढे आकारली जाई. ही मर्यादा सांध्यापुरती आहे, खोली, भूल आणि शस्त्रक्रियेचे शुल्क वेगळे. म्हणून बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक स्वतंत्र मागून घ्यावेत. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर २०२४ पासून खुले झाले आहेत. कोणत्या रुग्णालयात कोणती शस्त्रक्रिया त्यात बसते हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. पाच वर्षे कामगार विम्यात राहून वयोमानाने निवृत्त झालेल्यांना वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवण्याचीही तरतूद आहे. औद्योगिक पट्ट्यातील कितीतरी निवृत्तांना ती माहीत नसते. जवळच्या कामगार विमा कार्यालयात सध्याचा नियम विचारून घ्यावा. महापालिकेचे संत तुकारामनगरातील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय येथे अस्थिरोग विभाग आहेत; तपासणी आणि दुसरे मत यांसाठी तिथे जाण्यात काहीच कमीपणा नाही.

डॉक्टरांकडे जाताना मी आता एक वही नेते. सूज कधी आली, किती दिवस राहिली, त्या आधी काय घडले, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे, आणि ज्यांना नाव नाही त्या पुड्याही. मामंजींचा सांधा बदललेला नाही. क्रिएटिनिन १.४ वर आले आहे. त्याच्या खाली ते बहुधा येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. यंदा तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी आली तेव्हा डाव्या हातात काठी घेऊन ते दर्शनाला गेले, रांगेत दोनदा कठड्यावर टेकले, आणि घरी परतून जिना एका दमात चढले.